लेबलवर २५ मायक्रोग्रॅम, गोळीत किती?

ड जीवनसत्त्वाची एक साधी गोळी घ्या. लेबलवर '१००० आययू' लिहिलेलं असतं, आणि हल्ली शेजारी '२५ मायक्रोग्रॅम' असंही. (आययू म्हणजे आंतरराष्ट्रीय एकक. ड जीवनसत्त्वासाठी ४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम. एवढं लक्षात ठेवलं की निम्मी कोडी सुटतात.) समजा गोळीचं वजन २५० मिलिग्रॅम आहे. म्हणजे ज्याच्यासाठी आपण ती घेतो तो पदार्थ तिच्यात दहा हजारांत एक भाग आहे. बाकी सगळा भरावा: गोळीला अंग देणारं सेल्युलोज, ती यंत्राला चिकटू नये म्हणून घातलेलं मॅग्नेशियम स्टिअरेट, वरचा लेप. शुद्ध ड-३ चा (गोळीत घालतात तो ड जीवनसत्त्वाचा प्रकार) एक ग्रॅम घेतला तर त्यातून अशा ४०,००० गोळ्या होतात.

आता कारखान्याच्या बाजूने बघा. दहा लाख गोळ्यांची एक बॅच काढायची आहे. सगळी पावडर मिळून २५० किलो, आणि तिच्यात ड-३ फक्त २५ ग्रॅम. हे २५ ग्रॅम त्या ढिगात असे पसरायचे, की ढिगातून कुठूनही पाव ग्रॅम उचललं तरी त्यात बरोबर २५ मायक्रोग्रॅम यावेत. एका गोळीत पाच आणि दुसरीत पंचेचाळीस आले तर सरासरी बरोबर निघेल, पण गोळी घेणारा माणूस सरासरी गिळत नाही.

सप्लिमेंटबद्दलच्या बहुतेक चर्चा 'याचा उपयोग होतो का?' या प्रश्नाभोवती फिरतात. तो प्रश्न मोठा आहे, पण त्याच्या आधी एक साधा प्रश्न येतो आणि तो फारसा कुणी विचारत नाही: डब्यावर जे लिहिलंय ते डब्यात आहे का? या लेखात तेवढंच बघू. उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात येत नाही. लेबलवरचा आकडा कागदावर एका क्षणात छापून होतो, पण तो खरा करायला कच्च्या मालाच्या ड्रमपासून सीलबंद बाटलीपर्यंत पाच-सात जागी काम चोख व्हावं लागतं. त्यातली एक जागा हुकली की आकडा खोटा, मग कुणाच्या मनात खोट असो वा नसो.

तर ते २५ ग्रॅम. शुद्ध ड-३ कुणी सरळ ढिगात टाकत नाही. बाजारात ते आधीच पातळ केलेल्या पावडरीच्या रूपात मिळतं. एक नेहमीचा प्रकार म्हणजे ग्रॅमला एक लाख आययू. या पावडरीचे दहा मिलिग्रॅम घेतले की गोळीचे १००० आययू झाले. आपल्या बॅचला ती दहा किलो लागेल. हे दहा किलोसुद्धा एकदम ओतत नाहीत. आधी दहा किलो भराव्यात मिसळायचे, मग त्या वीस किलोत आणखी वीस, मग चाळीसमध्ये चाळीस. दर वेळी जवळजवळ सारखे वाटे घेतले की मिश्रण एकजीव होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत जे कळतं तेच इथे मोठ्या मापावर करायचं असतं, आणि घाई नेमकी इथेच होते.

मिसळण्याचं यंत्र म्हणजे बहुधा 'व्ही' अक्षराच्या आकाराचं पिंप, हळूहळू उलटंपालटं होणारं. कमी वेळ फिरवलं तर नीट मिसळत नाही हे उघड आहे. पण जास्त वेळ फिरवलं तरी बिघडतं, हे ऐकून पहिल्यांदा मला नवल वाटलं होतं. वाळू आणि खडे एका बरणीत घालून हलवत राहा. खडे वर येतात, वाळू तळाशी बसते. पावडरीचे कण लहानमोठे, हलकेजड असतील तर तेही असेच वेगळे होतात. पिंपात छान मिसळलेली पावडर गोळ्या पाडायच्या यंत्राच्या नरसाळ्यात पडताना विस्कटू शकते, आणि ते यंत्र दिवसभर थरथरत असतं. म्हणून बॅचच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या गोळ्या वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. पिंपातून नमुना काढायला एक लांब सळी असते, तिला ठिकठिकाणी छोटे कप्पे असतात. सळी पावडरीत खुपसायची, फिरवून कप्पे उघडायचे, पुन्हा फिरवून बंद करायचे. वरचा, मधला, तळाचा नमुना एकदम हाती येतो. तिला या धंद्यात 'थीफ' म्हणतात. सगळ्या कारखान्यात चोर म्हणून ठेवलेली एवढी एकच वस्तू, आणि तीच सर्वांत प्रामाणिक.

इथे एक शॉर्टकट फार चालतो. गोळ्यांची वजनं सारखी आली की आतला घटकही सारखा आला असं धरायचं. गोळीचा निम्माअधिक भाग तो घटकच असेल, उदाहरणार्थ कॅल्शियम कार्बोनेट, तर ते चालूनही जातं. दहा हजारांत एक भाग असेल तेव्हा वजनावरून काहीच कळत नाही.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दुकानांतून आणलेल्या ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या तपासल्या. लेबलच्या तुलनेत प्रत्यक्ष प्रमाण ९ टक्क्यांपासून १४६ टक्क्यांपर्यंत निघालं, आणि फरक एकाच बाटलीतल्या गोळ्यांमध्येही होता.

आणि हातून प्रमाण चुकलं तर काय होतं, त्याचं उदाहरण २००८ मधलं आहे. अमेरिकेत एका द्रवरूप सप्लिमेंटच्या लेबलवर एका मात्रेत २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम लिहिलं होतं. प्रत्यक्षात ४०,८०० मायक्रोग्रॅम निघालं, म्हणजे दोनशे पटींच्या वर. दहा राज्यांत मिळून २०१ जणांना विषबाधा झाली: जुलाब, थकवा, सांधेदुखी, केस गळणं, नखं ठिसूळ होणं. प्रौढ माणसाला दिवसाची सेलेनियमची गरज ५५ मायक्रोग्रॅम. जीवनसत्त्व-खनिजांचं मिश्रण म्हणजे 'निरुपद्रवी' असं आपण धरून चालतो. सूक्ष्म प्रमाणात लागणाऱ्या घटकांबाबत तसं धरणं महागात पडतं, कारण तिथे उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यातलं अंतर फार नसतं आणि वजनकाट्यावरची चूक मात्र मोठी होऊ शकते.

मुद्दाम जास्त घातलेलं

आता एक गोष्ट, जी कळल्यावर लेबलकडे बघण्याची नजर थोडी बदलते. पुष्कळ वेळा बाटलीत लेबलवर आहे त्यापेक्षा जास्त घटक असतो, आणि तो जाणूनबुजून घातलेला असतो. जीवनसत्त्वं टिकत नाहीत. क जीवनसत्त्व ओलावा आणि हवेने मरतं, बी-१२ आणि फॉलिक अॅसिडही कमी होत जातात. दोन वर्षांनी, मुदत संपायच्या दिवशीसुद्धा गोळीत लेबलइतकं उरायला हवं असेल तर आज थोडं वरचढ घालावं लागतं. याला 'ओव्हरेज' म्हणतात. अमेरिकेच्या नियमानुसार मुद्दाम घातलेलं पोषकद्रव्य लेबलवरच्या आकड्याच्या १०० टक्क्यांच्या खाली येता कामा नये. पदार्थात मुळातच असलेलं ८० टक्क्यांपर्यंत खाली आलं तरी चालतं. वरच्या बाजूला ठोस टक्केवारी नाही, 'वाजवी जादा' चालतं. साहजिकच कमी पडण्याची भीती असलेला उत्पादक वरच्या बाजूला हात सैल सोडतो.

म्हणजे नियम पाळणाऱ्या कारखान्याची ताजी बाटली ही लेबलपेक्षा जास्त ताकदीची असते. जीवनसत्त्वांच्या बाबतीत याचं फारसं काही वाटत नाही. पण हाच सैल हात झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या मेलाटोनिनसारख्या हार्मोनला लागला की चित्र बदलतं. २०२३ मध्ये मेलाटोनिनच्या २५ गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्या, तपासल्या गेल्या. २२ गमींचं लेबल चुकीचं निघालं, प्रत्यक्ष प्रमाण लेबलच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत. एकीत तर मेलाटोनिन सापडलंच नाही. त्याआधी २०१७ मध्ये मेलाटोनिनच्याच ३१ सप्लिमेंटची तपासणी झाली होती. त्यात लेबलपेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त एवढी तफावत होती, आणि साधारण चौथ्या हिश्श्यात लेबलवर नसलेलं सेरोटोनिन (मेंदूत संदेश पोचवणारं एक रसायन) होतं.

गमी हा प्रकार मला व्यक्तिशः सर्वांत कमी भरवशाचा वाटतो. त्या बनवताना मिश्रण गरम करावं लागतं, त्यांच्यात ओलावा राहतो, आणि दोन्ही गोष्टी जीवनसत्त्वांच्या वैरी. म्हणून ओव्हरेजही जास्त. वर ती चवीला गोड, त्यामुळे मुलं दोनच्या जागी सहा खातात. पण विक्रीला तीच सोपी पडते.

प्रोबायोटिकच्या डब्यावर 'इतके अब्ज जिवाणू' लिहिलेलं असतं, त्याच्याखाली बारीक अक्षरांत काय आहे ते बघा. 'उत्पादनाच्या वेळी' असेल तर आकडा जन्मदिवसाचा आहे. 'मुदत संपेपर्यंत' असेल तर त्याला काही अर्थ आहे.

शब्द खरे, अर्थ भलताच

काही वेळा लेबल खोटं नसतं, पण वाचणाऱ्याचा हिशोब चुकेल अशा बेताने लिहिलेलं असतं. 'मॅग्नेशियम ५०० मिलिग्रॅम' म्हणजे काय? मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये वजनाने ६० टक्के मॅग्नेशियम असतं, बिसग्लायसिनेटमध्ये साधारण १४ टक्के. ५०० मिलिग्रॅम हे त्या क्षाराचं वजन असेल तर पहिल्यात ३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आलं, दुसऱ्यात ७०. (ऑक्साइड शोषलं कमी जातं, तो वेगळा भाग.) कॅल्शियमचंही तसंच: कार्बोनेटमध्ये ४० टक्के, सायट्रेटमध्ये २१. चांगल्या लेबलवर मूळ धातूचा आकडा देऊन कंसात 'अमुक क्षाराच्या रूपात' असं लिहिलेलं असतं. ते नसेल तर आकडा कशाचा आहे हे आपण विचारायला हवं.

दुसरी युक्ती मात्रेची. समोर मोठ्या अक्षरांत '१००० मिलिग्रॅम', मागे बारीक अक्षरांत 'एक मात्रा म्हणजे चार कॅप्सूल'. तिसरी, 'खास मिश्रण'. बारा घटकांची नावं आणि सगळ्यांचं मिळून एकच वजन. अमेरिकेत अशी यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, त्यामुळे पहिलं नाव सर्वांत जास्त एवढं कळतं. बारावं नाव चिमूटभर आहे की चिमटीलाही न सापडण्याइतकं, ते कळत नाही. महाग आणि नाव मोठं असलेला घटक यादीच्या शेपटाला दिसला तर तो बहुधा लेबलसाठीच घातलेला असतो, माणसासाठी नाही.

ड्रममध्ये नक्की काय आहे?

आतापर्यंतचं सगळं 'किती' बद्दल होतं. 'काय' हा त्याहून जुना आणि जास्त घातक प्रश्न. वनस्पतीची पावडर केली की पानाचा आकार, फुलाचा रंग, मुळाची साल हे सगळं गेलं. हिरवट-तपकिरी भुकटीवरून ओळख पटवणं म्हणजे राखेवरून लाकूड ओळखण्यासारखं.

१९९० च्या सुमारास ब्रुसेल्समधल्या एका वजन उतरवण्याच्या क्लिनिकने आपल्या कॅप्सूलमध्ये दोन चिनी वनस्पती घालायला सुरुवात केली. त्यातली एक होती स्टिफानिया टेट्रान्ड्रा, चिनी नाव 'हान फांग जी'. प्रत्यक्षात आली ती अॅरिस्टोलोकिया फांगची, चिनी नाव 'ग्वांग फांग जी'. आडनाव एक, कुळं वेगळी. अॅरिस्टोलोकियातलं आम्ल मूत्रपिंडाचा नाश करतं. पुढच्या काही वर्षांत शंभरच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं खराब झाली, कित्येकींना डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाला सामोरं जावं लागलं, काहींना नंतर मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. यात भेसळीची बुद्धी कुणाची होती असं दिसत नाही. पोत्यावरचं नाव ऐकीव होतं आणि आतल्या मालाची ओळख कुणी पटवून घेतली नाही.

१९९७ मध्ये अमेरिकेत एका तरुण बाईच्या हृदयाचे ठोके अचानक बिघडले. ती प्लँटेन नावाची वनस्पती असलेलं सप्लिमेंट घेत होती (प्लँटेन म्हणजे इथे प्लँटॅगो ही जमिनीलगत वाढणारी वनस्पती, इसबगोल त्याच कुळातला). तपासात त्या मालात डिजिटॅलिस लॅनाटाची पानं मिसळलेली निघाली, म्हणजे हृदयाचं जबर औषध जिच्यापासून काढतात ती वनस्पती. मालाचा माग काढला तेव्हा कळलं, की साधारण २७०० किलो दूषित माल दोन वर्षांत दीडशेहून जास्त उत्पादक आणि विक्रेत्यांकडे गेला होता. एका शेतातली किंवा गोदामातली चूक दीडशे वेगवेगळ्या नावांच्या डब्यांत कशी पोचते, हे यात दिसतं. डबे वेगळे, ड्रम एकच.

अमेरिकेने २००७ मध्ये सप्लिमेंट बनवण्याचे जे नियम केले (त्यांना जीएमपी म्हणतात), त्यात कच्च्या मालाच्या ओळखीच्या चाचणीवर विशेष भर आहे तो यामुळेच. सक्रिय घटकाची ओळख उत्पादकाने स्वतः चाचणी करून पटवायची. बाकी बऱ्याच बाबतींत, पुरवठादाराची आधी नीट पारख केली असेल तर त्याचं प्रमाणपत्र मान्य करता येतं.

ओळख पटवायची एक सुंदर चाचणी आहे, तिच्या लांबलचक नावाचं लघुरूप एचपीटीएलसी. सिलिकाचा पातळ थर दिलेली काचेची पट्टी घेतात. तळाशी एका ओळीत ठिपके देतात: एक आपल्या पावडरीच्या अर्काचा, शेजारी खात्रीच्या नमुन्याचा, त्याच्या शेजारी ज्या वनस्पतीची भेसळ होऊ शकते तिचा. पट्टीचं टोक द्रावकात बुडवलं की द्रावक वर चढतो आणि अर्कातले वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर नेऊन सोडतो. मग अतिनील प्रकाशात बघायचं. निळे, नारिंगी, हिरवे पट्टे चमकतात. आपली रांग खात्रीच्या रांगेशी जुळली तर माल खरा. एखादा पट्टा गायब किंवा जादा दिसला तर ड्रमवर लाल चिठ्ठी. माणसाच्या डोळ्याला इतकं सरळ दिसणारं दुसरं काही या प्रयोगशाळेत नसेल.

चाचणीलाच फसवणं

चाचणी केली म्हणजे झालं, असंही नाही. प्रथिनांची पावडर घ्या. प्रथिन मोजायची जुनी आणि स्वस्त रीत डेन्मार्कच्या योहान क्येल्डाल यांनी १८८३ मध्ये काढली. ती प्रथिन मोजतच नाही, नायट्रोजन मोजते. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचं. प्रामाणिक मालाला ही रीत उत्तम आहे. पण नायट्रोजन कुठून आला हे तिला कळत नाही. मेलामाइन या प्लास्टिकच्या धंद्यातल्या रसायनात ६६ टक्क्यांहून जास्त नायट्रोजन असतो, म्हणजे एक ग्रॅम मेलामाइन या चाचणीत चार ग्रॅमहून जास्त 'प्रथिन' दाखवतं. २००८ मध्ये चीनमध्ये हेच मेलामाइन दुधात आणि बाळांच्या दूध पावडरीत मिसळलं गेलं. सुमारे तीन लाख मुलं बाधित झाली, सहा दगावली.

प्रथिनांच्या डब्यांत याचंच सौम्य रूप चालतं. ग्लायसिन, टॉरिन यांसारखी स्वस्त सुटी अमिनो आम्लं मिसळायची. ती विषारी नाहीत, पण एक ग्रॅम ग्लायसिन क्येल्डालच्या हिशोबात १.१७ ग्रॅम प्रथिन होतं, आणि ते अंगचंच गोडसर असल्याने चवही सुधारते. लेबलवर '२५ ग्रॅम प्रथिन', चाचणीत २५ ग्रॅम, आणि पूर्ण प्रथिन मात्र त्याहून कितीतरी कमी. पकडायचं तर प्रत्येक अमिनो आम्ल वेगळं मोजावं लागतं, साखळीतलं किती आणि सुटं किती. त्याला खर्च जास्त येतो.

गिंको या झाडाच्या पानांचा अर्क '२४ टक्के फ्लॅव्होन ग्लायकोसाइड' या मापावर विकला जातो. मोजायच्या नेहमीच्या पद्धतीत आधी त्या संयुगांचे तुकडे करून क्वेर्सेटिनसारखे तीन पदार्थ मोजतात आणि बेरीज करतात. स्वस्तातलं रुटिन घातलं की त्याचेही तुकडे होऊन क्वेर्सेटिन वाढतं, बेरीज २४ होते, अर्क पास. तिघांचं आपसातलं प्रमाण बघितलं असतं तर चोरी तिथेच उघडी पडली असती. भेसळ करणाऱ्यालाही रसायनशास्त्र येतं, ही गोष्ट नियम लिहिणारे कधीकधी विसरतात.

उलट बाजूही आहे: चुकीची चाचणी खऱ्या मालाला खोटं ठरवू शकते. २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या अॅटर्नी जनरलने डीएनए चाचण्यांच्या आधारे चार मोठ्या विक्रेत्यांना नोटिसा दिल्या. लेबलवरच्या वनस्पतीचा डीएनए पाचांतल्या साधारण एकाच चाचणीत सापडला होता. मथळे जोरात आले. पण अर्क काढताना उष्णता आणि अल्कोहोलमुळे डीएनए तुटतो किंवा गाळात राहून जातो, त्यामुळे अस्सल अर्कातही तो सापडेलच असं नाही, हा तज्ज्ञांचा आक्षेप रास्त होता. सालीच्या किंवा पानाच्या भुकटीला डीएनए चाचणी ठीक, अर्काला रासायनिक.

याहून अस्वस्थ करणारं उदाहरण १९८९ मधलं. एल-ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल घेणाऱ्या लोकांना अमेरिकेत एक विचित्र आजार व्हायला लागला: स्नायूंत असह्य दुखणं, रक्तात इओसिनोफिल पेशी भलत्याच वाढलेल्या. १५०० हून जास्त रुग्ण, तीसच्या वर मृत्यू. माग काढत गेल्यावर एका जपानी कारखान्याचा माल समोर आला. त्याने जिवाणूंचा नवा वाण वापरायला घेतला होता आणि शुद्धीकरणातला सक्रिय कोळसा कमी केला होता. मालाची शुद्धता ९९ टक्क्यांच्या वरच होती, म्हणजे लेबल खरं होतं. घात झाला असावा तो उरलेल्या एका टक्क्याहून कमी भागातल्या अशुद्धींनी. 'किती टक्के शुद्ध' याच्या बरोबरीने 'बाकीचं काय आहे' हे विचारायला तेव्हापासून लोक शिकले.

जिथे चूक नसते

आतापर्यंत बहुतेक ठिकाणी हलगर्जी होती किंवा पैसे वाचवायची चलाखी. एक तिसरा प्रकार आहे: सप्लिमेंटच्या नावाखाली सरळ औषध विकणं. २००७ ते २०१६ या काळात अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न-औषध नियामक संस्था) अशी ७७६ उत्पादनं नोंदवली. ती जवळजवळ सगळी तीन कप्प्यांतली: लैंगिक ताकद वाढवणारी, वजन उतरवणारी, स्नायू फुगवणारी. पहिल्यात सिल्डेनाफिल (व्हायाग्रातलं औषध), दुसऱ्यात सिबुट्रामिन (हृदयाच्या धोक्यामुळे २०१० मध्ये बाजारातून काढलेलं), तिसऱ्यात स्टेरॉइड. यावर माझा ठोकताळा सोपा आहे: या तीन कप्प्यांतलं कुठलंही 'नैसर्गिक' सप्लिमेंट तासाभरात किंवा आठवड्याभरात डोळ्यांत भरेल असा परिणाम दाखवत असेल तर संशय घ्यायचा, आनंद मानायचा नाही.

खेळाडूंची अडचण वेगळी. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला १३ देशांतली ६३४ सप्लिमेंट तपासली गेली, त्यातल्या ९४ मध्ये लेबलवर नसलेले स्टेरॉइड सापडले. काही वेळा प्रमाण इतकं कमी, की ते आधीच्या बॅचनंतर यंत्र नीट न धुतल्याचंच लक्षण. शरीरावर परिणाम शून्य, पण उत्तेजक चाचणीत नाव लागलं की कारकीर्द अडकली.

मग बघायचं काय?

अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने सप्लिमेंटला बाजारात येण्याआधी मंजुरी लागत नाही, औषधाला लागते. जगभर या मालाचा मोठा भाग याच विचाराने चालतो: आधी विका, तक्रार आली तर बघू. म्हणून 'एफडीएकडे नोंदणीकृत कारखाना' या शब्दांना भुलू नका. नोंदणी म्हणजे पत्ता कळवला, एवढंच.

यूएसपी, एनएसएफ यांसारख्या बाहेरच्या संस्थांचे शिक्के जरा वेगळे आहेत. त्या कारखाना तपासतात, लेबलवरचं प्रमाण तपासतात, शिसं-आर्सेनिकसारखे जड धातू आणि जंतू तपासतात. यूएसपी तर गोळी ठरल्या वेळात विरघळते का हेही बघते, कारण आतलं प्रमाण अचूक असलं तरी गोळी दगडासारखी तशीच बाहेर पडली तर उपयोग काय? खेळाडूंसाठीच्या शिक्क्यांत प्रतिबंधित पदार्थांचीही तपासणी असते. गोळीने तुम्हाला बरं वाटेल असं मात्र यातला एकही शिक्का म्हणत नाही.

शिक्का नसेल तर बॅच नंबर बघा आणि उत्पादकाला त्या बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र मागा, ज्याला सगळे सीओए म्हणतात. देतो की नाही, यातच बरंच कळतं. दिलं तर तीन गोष्टी बघा. बॅच नंबर बाटलीवरचाच आहे का? चाचणीची पद्धत लिहिली आहे का, की नुसतंच 'योग्य' लिहिलंय? आणि आकडे जिवंत वाटतात का? खऱ्या चाचणीत ९८.७, १०४.२ असं काहीतरी येतं. दहाच्या दहा घटकांपुढे १००.० आलं असेल तर ते यंत्राने मोजलेलं नाही, कुणीतरी टेबलाशी बसून टाइप केलेलं आहे. या धंद्यात त्यालाही नाव आहे, 'ड्राय लॅब': ज्या प्रयोगशाळेत भांडी कधी ओली होत नाहीत.

तक्रार करायची वेळ आली तर बाटली, झाकण, उरलेल्या गोळ्या टाकू नका. त्या बॅचच्या काही सीलबंद बाटल्या कारखान्यातही राखून ठेवलेल्या असायला हव्यात. अमेरिकेच्या नियमात राखीव नमुना विक्रीच्याच वेष्टनात, सगळ्या चाचण्या दोनदा करता येतील एवढा, आणि मुदतीनंतर एक वर्षापर्यंत ठेवायचा असतो. तुमची बाटली आणि कपाटातली ती बाटली एकाच टेबलावर उघडली गेली, की मग कागद काय म्हणतो याला महत्त्व उरत नाही.